छत्रीची काडी

सेंट पॉल, मिनेसोटा
२६ एप्रिल

ती. मामास,


फोनवर "बोटीचं इंजिन गेलं" म्हटल्याबरोबर तू विचारलंस, "ऑइल नव्हतं?" ऑइल होतं. पाणीही होतं, आणि तेच निस्तरतेय. चाळीस वर्षं हर्णैच्या बंदरात तू इंजिनं उघडलीस. जाम झालेले पिस्टन पाहिलेस, खाऱ्या पाण्याने चाळण झालेले मॅनिफोल्ड पाहिलेस, पण थंडीने फुटलेलं इंजिन तुझ्या हाताखाली कधी आलं नसणार. म्हणून फोनवर न उरकता नीट लिहिते.

आधी इंजिन सांगते. बोट फायबरची, एकोणीस फुटी. त्यात पेट्रोलवरचं ४.३ लिटरचं व्ही-सिक्स. जनरल मोटर्सचा हा ब्लॉक मूळचा शेवरलेच्या ट्रकांतला. रेडिएटर नाही, कूलंट नाही. पंप तळ्यातलं पाणी ओढतो, तेच बिडाच्या ब्लॉकमधून फिरतं आणि धुराबरोबर मागून बाहेर पडतं. तुझ्याकडच्या मोठ्या इंजिनांत आतलं पाणी वेगळं आणि समुद्राचं वेगळं असतं, तसं इथे काही नाही. उन्हाळ्यात ही सोय झकास. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी तळी ११,८४२ आहेत म्हणतात, तेव्हा थंड पाण्याला तोटा नाही. पण ऑक्टोबर संपता संपता त्याच पाण्याचा थेंबही आत राहून चालत नाही. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. मोकळ्या तळ्यात फुगायला आभाळ आहे. ब्लॉकच्या पोकळीत कोंडलेल्या पाण्याचा दाब उणे २२ अंशांपर्यंत दोन हजार वातावरणांवर जाऊ शकतो. बीड वाकत नाही हे मी तुला काय सांगायचं. ते सरळ तडकतं.

तुमच्याकडे जूनमध्ये मासेमारी बंद झाली की बोटी वर ओढून झाप घालून शाकारतात. इथे तेच काम ऑक्टोबरात करतात, पण खरी शाकारणी इंजिनाच्या पोटातली. ब्लॉकच्या दोन्ही अंगांचे पितळी बूच काढायचे, मॅनिफोल्डचे काढायचे, पंपाचा मोठा होज सोडायचा आणि सगळं पाणी सांडू द्यायचं. मग हवं तर गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं. चार वर्षं मी हे स्वतः केलं. गेल्या ऑक्टोबरातही केलं. उजवीकडचा बूच काढला तर गंजाचं पाणी धो धो आलं. डावीकडून चार थेंब आले आणि थांबले. मला वाटलं, ही बाजू आधीच रिकामी झाली असेल.

रिकामी नव्हती. भोकाच्या तोंडाशी गंजाचा आणि वाळूचा गोळा बसला होता, त्याच्यामागे पाणी तसंच उभं होतं.

दुसरी चूक त्याहून हुशारीची. बूच लावून मी गार इंजिन चालू केलं आणि अँटिफ्रीझ ओढून घेतलं. मागून गुलाबी पाणी आलं तेव्हा टाळी वाजवायची बाकी होती. पण थर्मोस्टॅट गरम होऊन उघडेपर्यंत या इंजिनात पाणी ब्लॉकमध्ये जवळजवळ शिरतच नाही, बाहेरच्या वाटेने निघून जातं. म्हणजे सहा गॅलन अँटिफ्रीझ मी एक्झॉस्टला पाजलं आणि ब्लॉक तहानलेलाच राहिला. शिवाय डब्यावर 'उणे ५०' लिहिलेलं असतं ते फॅरनहाइटमध्ये, आणि तेही शुद्ध असताना पाइप न फुटण्यापुरतं. आत राहिलेल्या पाण्यात मिसळलं की ते गणित संपलं.

यंदा एप्रिलात बोटीवरचं कापड काढलं, नळाचं पाणी जोडलं, किल्ली फिरवली. लगेच चालू झालं! दोन मिनिटांनी बोटीच्या तळात पाणी दिसलं. आरसा घालून पाहिलं तर डाव्या अंगाला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली, वीतभर आडवी चीर. केसाएवढी बारीक, पण सरळ, जणू कोणी पट्टी ठेवून ओढलेली. तू म्हणशील, ब्लॉकच्या भोकांना डमीच्या चकत्या बसवलेल्या असतात ना, त्या उडून ब्लॉक वाचवतात. इथे त्यांना फ्रीझ प्लगच म्हणतात, त्यामुळे हा समज आणखी घट्ट. पण ती भोकं ओतकामातली वाळू बाहेर काढायला ठेवलेली असतात. कधी डमी उडते, कधी डमी जागच्या जागी आणि ब्लॉक उभा फाटलेला. माझ्या सगळ्या जाग्यावर आहेत, एकही हललेली नाही.

मग सुरू झाला तुझा आवडता वाद: सांधायचं की बदलायचं. मी तुझ्याच बाजूने सुरुवात केली. ही चीर बाहेरच्या पाण्याच्या कप्प्याला होती. तिथे ज्वलनाचा दाब नसतो, पाणी साठ-सत्तर अंशांचं आणि जोरही किरकोळ. अशी चीर इपॉक्सीने बुजवून वर्षानुवर्षं बोटी चालवणारे लोक इथे आहेत, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. मी तू शिकवल्याप्रमाणे दोन्ही टोकांना भोकं पाडली, म्हणजे चीर पुढे पळायची नाही. मग ग्राइंडरने व्ही काढला, स्वच्छ पुसलं, गरम करून वाळवलं, इपॉक्सी भरली. दोन दिवसांनी पाण्याच्या सगळ्या वाटा बुचांनी बंद करून आत १५ पौंड हवा भरली.

काटा खाली येत राहिला. बाहेर साबणाचा एक बुडबुडा नाही. ऑइल भरायच्या तोंडाशी कान नेला तर आतून बारीक फुस्स.

इनटेक मॅनिफोल्ड उचलला. सिलिंडरच्या दोन रांगांच्या बेचक्यात, टॅपेटांच्या मधोमध, दुसरी चीर. इथून झिरपलेलं पाणी थेट ऑइलमध्ये. दोन मिनिटं चाललेल्या इंजिनाचं ऑइल चहासारखं का झालं नाही याचं मला कोडं होतं. ते सुटलं: बाहेरची चीर खाली होती, त्यामुळे पाणी वरच्या चिरेपर्यंत चढलंच नाही. माझ्या इपॉक्सीने मात्र त्याची वाट बंद केली असती आणि मी तळ्याच्या मध्यावर बेअरिंगं खाल्ली असती.

आतल्या चिरेलाही इपॉक्सी लावणारे आहेत. मी लावणार नाही. तिथे गरम ऑइल सतत उडतं आणि इपॉक्सी सुटली तर कळायला उशीर होतो. वेल्डिंगची चौकशी केली. बिडात कार्बन इतका की जोडाशेजारचा भाग कडक होऊन पुन्हा तडकतो. त्यामुळे अख्खा ब्लॉक भट्टीत तापवायचा, निकेलचा रॉड वापरायचा, मग कितीतरी तास हळूहळू निववायचं, आणि एवढं करून लेथवाल्याकडे जायचं. तिसरी वाट टाके घालण्याची. चिरेवर एकात एक अडकणाऱ्या आट्यांच्या पिना थंडच बसवत जायचं. सुंदर काम असतं, तू पाहत बसशील. त्यावरून आठवलं, तुला ही गोष्ट आवडेल. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्या बंदरांत अडकलेली जर्मन जहाजं जप्त झाली. खलाशांनी आधीच कित्येक जहाजांच्या इंजिनांचे बिडाचे सिलिंडर फोडून ठेवले होते. नवे ओतत बसण्यापेक्षा नौदलाने ते इलेक्ट्रिक वेल्डिंगने सांधले, आणि तीच जहाजं सैनिक घेऊन फ्रान्सला गेली. तेव्हा सांधता येत नाही असं कोणी म्हणू नये. पण ती जहाजं होती, माझी एकोणीस फुटी होडी आहे. मेकॅनिकचा तास इथे १५० डॉलरांना पडतो. टाक्यांचं काम करून ब्लॉक परत बसवायला जेवढे पैसे लागतात, जवळजवळ तेवढ्यातच लाँग ब्लॉक, म्हणजे हेडसकट नव्याने बांधलेला ब्लॉक, येतो, तोही हमीसह. विम्याचं कलम वाचलं: गोठण्याने झालेलं नुकसान वगळून.

तर बदलतेय. गॅरेजने सगळं करून द्यायचे जेवढे सांगितले तेवढ्यात अशी आख्खी जुनी बोट मिळते, म्हणून इंजिन मीच उतरवलं, शेजाऱ्यांचा हॉइस्ट आणून. भंगारातून ट्रकचं इंजिन आणावं असं सुचवणारे चौघे भेटले. ब्लॉक तोच असला तरी बोटीला डमी पितळेच्या लागतात, हेड गॅस्केट वेगळं लागतं. आणि स्टार्टर, अल्टरनेटर ठिणगी बाहेर पडू न देणारेच लागतात, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळात साचते. गाडीचा स्टार्टर लावून पैसे वाचवणारे कधीकधी बोटीबरोबर स्वतःही उडतात. जुने मॅनिफोल्डही वेगळे तपासले. एक फुटलेला निघाला.

नवा लाँग ब्लॉक पुढच्या आठवड्यात येईल. बसवताना मागच्या ड्राइव्हशी लाइन जुळवायला लांब गज मिळतो, तो भाड्याने आणलाय. तू डोळ्याने जुळवायचास, मला ते जमणार नाही. एक वाईट वाटलं ते सांगते: जुना ब्लॉक परत दिला की अनामत मिळते, पण गोठून फुटलेला कोणी घेत नाही. तो घरच्या गॅरेजच्या कोपऱ्यात पडून आहे, दोन्ही चिरांसकट. येशील तेव्हा बघ.

आता मुद्द्याची गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांची असताना आषाढात तुझ्या शेडमध्ये बसायची. बाहेर पाऊस, आत तू मोडक्या छत्रीची काडी घेऊन प्रत्येक इंजिनाच्या प्रत्येक भोकात खुपसत होतास. पाणी आपोआप आलं तरी खुपसत होतास. मला ते वेडेपणाचं वाटायचं, आणि तसं मी बोललेही होते. इथे या कामाला लोक कपड्यांच्या हँगरची तार वापरतात, माझ्याकडे तीही होती, भिंतीवर टांगलेली.

आई जूनमध्ये येतेय. तिच्याबरोबर एक काडी पाठव, जुन्या काळ्या छत्रीची, टोकाला गोळी असलेली. मोठ्या बॅगेत घालायला सांग. हातातल्या पिशवीत ठेवली तर विमानतळावर काढून घेतील.

तुझी भाची