आई, गॅस आणि घायपात

आमच्या घरी सिलिंडरला भोपाळी सवयीने 'टंकी'च म्हणत. 'गॅस' हा शब्द ३ डिसेंबर १९८४ नंतर आईसमोर कुणी काढत नसे. तेव्हा आम्ही स्टेशनच्या बाजूला भाड्याने राहायचो. बाबांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही, एवढं सांगितलं की पुरे.

आणि पुढे माझ्या पीएचडीत काय आलं, तर इन्व्हर्स गॅस क्रोमॅटोग्राफी! आईने नुसतं नाव ऐकलं आणि दोन दिवस बोलली नाही.

काम होतं घायपाताच्या धाग्याचं. होशंगाबाद रोडच्या ज्या प्रयोगशाळेला आपण अजून आरआरएल म्हणतो (२००७ पासून ती ॲम्प्री झाली), तिथे या धाग्यावर पुष्कळ काम झालंय. धागा राळेत घालून पत्रे करायचे, लाकडाऐवजी. पण धाग्याला पाणी आवडतं, राळेला नाही. दोघांचं जमलं नाही तर पत्रा सुटतो. म्हणून आधी धाग्याचा पृष्ठभाग ओळखायचा.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना मी आईला म्हटलं, "अगं, नेहमी नळीत काय भरलंय ते माहीत असतं आणि सोडलेल्या वाफेत काय काय आहे ते शोधतात. आम्ही उलटं करतो. काचेच्या नळीत अनोळखी धागा भरायचा आणि ओळखीच्या वाफा एकेक करून पाठवायच्या. मिथेन न थांबता निघून जातो. हेक्झेन थोडा टेकतो, ऑक्टेन जास्त रेंगाळतो. मग क्लोरोफॉर्म, इथाइल ॲसिटेट अशी जरा नखरेल मंडळी. कोण किती वेळ थांबलं, त्यावरून घर कसं ते कळतं."

"म्हणजे स्थळ बघायला आधी मावशीला पाठवायचे, तसंच की," आई म्हणाली. माझ्या गाइडनेही इतकं नेमकं कधी सांगितलं नव्हतं.

काम मात्र सरळ झालं नाही. ऐन पावसाळ्यात मी धागा नीट न सुकवताच भरला. तीन आठवड्यांचे आकडे वाया, चूक सर्वस्वी माझी. मग रात्रभर गरम हेलियम सोडून नळी सुकवायला शिकले.

आईचा खरा प्रश्न नंतर आला. "किती सोडतेस?"

"इतकी थोडी, की तिचे रेणू एकमेकांना भेटतसुद्धा नाहीत. फक्त धाग्याला भेटतात."

"आणि मग ती जाते कुठे?"

हायड्रोजनच्या बारीक ज्योतीत जळते, उरलेलं धुराड्याने बाहेर, असं सांगितलं. तिला पटलं नाही. शेवटी एका शनिवारी तिला घेऊनच गेले. यंत्राकडे तिने धड पाहिलंही नाही. छताकडे जाणाऱ्या पाइपावर नजर ठेवून मागच्या दाराने बाहेर गेली, त्याचं टोक शोधून काढलं, भिंतीपलीकडे डोकावली.

"इथे जवळपास कुणी राहत नाही ना?"

"नाही गं."

"मग चल."