मी त्या मोर्चात होतो

परवा १४ जानेवारीला शेजारचा मुलगा तिळगूळ द्यायला आला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाला, "आजोबा, आज नामविस्तार दिन. त्या आंदोलनाच्या काळात तुम्ही कुठं होतात?" मी विषय बदलला. रात्री झोप लागली नाही...

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शिक्षक होतो. राजकारणाशी संबंध मतदानापुरता. प्रभातफेरी सोडली तर जन्मात कधी घोषणा दिलेली नाही. तरी त्याच आठवड्यात मी नामांतराविरोधी मोर्चात चाललो.

कुणी जबरदस्ती केली नव्हती. शिक्षकखोलीत एक ज्येष्ठ सर चहा पिता पिता म्हणाले, "चला हो, आपल्या विद्यापीठाचा प्रश्न आहे. यात राजकारण नाही." राजकारण आहे म्हणाले असते तर मी सरळ घरी गेलो असतो. अस्मिता म्हणाले, मी चपला घातल्या! ठराव वाचला नव्हता. बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय १९५० साली काढलं, विद्यापीठ १९५८ साली आलं, हे ठाऊक होतं. त्याचा या प्रश्नाशी संबंध मात्र लावला नाही.

माझी बी.ए. याच विद्यापीठाची. घरातला पहिला पदवीधर मी, पदवी फ्रेम करून भिंतीला लावलेली. ते नाव पुसलं जाईल असं मी सगळ्यांना सांगायचो. (१९९४ साली नामविस्तार झाला. फ्रेम अजून तशीच आहे.) पोटातलं कारण वेगळं होतं. माझ्या वर्गात मागं बसणारी मुलं उद्या पदवीधर होणार, आणि पदवीवरचं नाव माझ्यापेक्षा त्यांना जवळचं असणार. चार पुस्तकं शिकून मी जेमतेम एक पायरी वर चढलो होतो, तीच हलल्यासारखी वाटली. हे तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

मोर्चात सगळे ओळखीचे. किराणावाले, पोस्टमास्तर, विद्यार्थ्यांचे वडील. पालखीबरोबर चालल्यासारखं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

पुढं मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ठार मारलं. आम्ही शिक्षकखोलीत म्हणालो, "ते गुंडांचं काम. आपला मोर्चा शांततेत होता." शांततेतच होता. पण जाळणाऱ्यांनी आमच्यासारख्या मास्तरांना रस्त्यावर पाहिलं होतं, त्याचं काय?

आठवीतला एक मुलगा पंधरा दिवसांनी शाळेत आला. वही नव्हती. "घराबरोबर जळाली, सर." मी कपाटातून नवी काढून दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि हळूच विचारलं, "सर, त्या दिवशी तुम्हीपण होता ना? बाबांनी बघितलं."

मी हजेरी घ्यायला लागलो.

शेजारच्या मुलाला उद्या बोलावलंय.