कृपया बूट घालून यावे

9 जून, रविवार

नवी बॅच. सहा नावं होती, सहाही आले, आणि सहाही जणांनी गॅरेजच्या दारात चपला काढल्या. फोनवर सांगितलं होतं, मेसेजमध्ये लिहिलं होतं, दारावर पाटीसुद्धा आहे: ‘कृपया बूट घालून आत यावे’. पण पुण्यात कुणाच्या घरी पायताणासकट आत शिरायचं म्हणजे आपल्या लोकांना जिवावर येतं. काचेचा कण जमिनीवर दिसत नाही. दोनदा झाडू मारला तरी टाचेत जाऊन बसतो आणि तिसऱ्या दिवशी ठणकायला लागतो. बँकेतून निवृत्त झालेल्या एक आजी आहेत. त्या नुसत्या मोज्यांवर आत आल्या, वर उंबऱ्याला हात लावून नमस्कारही केला. त्यांना माझे बागकामाचे जुने बूट दिले. दोन नंबर मोठे होतात, पण दिवसभर घालून फिरल्या बिचाऱ्या.

पहिला दिवस नुसता कापायचा. खिडकीची साधी तीन मिलिमीटरची काच. रंगीत काच पहिल्याच दिवशी हातात दिली की माणूस तिच्या भावाला घाबरतो, आणि घाबरलेला हात कापत नाही, खरवडतो. खरं तर काच कापली जातच नाही. कटरच्या चाकाने वर एक बारीक चर उठतो. मग दोन्ही मुठींत काच धरून मनगटं बाहेर वळवली की भेग त्या चरातून पळते. चाक या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदाच ओढायचं. त्याच रेघेवरून पुन्हा फिरवलं की चाकही बोथट आणि काचही वाया. सगळे नेमकं तेच करतात. शाळेपासून रेघ गिरवायची सवय.

आयटीतल्या मुलाच्या दहा काचा वेड्यावाकड्या फुटल्या, अकरावी सरळ गेली. त्याने दोन्ही तुकडे जुळवून पाहिले, परत वेगळे केले, परत जुळवले. तोंडाने काही बोलला नाही. त्याआधी मी त्याला सांगत होते, श्वास सोड, श्वास सोड. सांगता सांगता लक्षात आलं की कापताना मी स्वतःच श्वास धरते. ही माझी चौदावी बॅच. म्हणजे इतकी वर्षं दुसऱ्यांचे हात बघत होते, स्वतःचं नाक आज सापडलं.

12 जून, बुधवार

रविवार पेठेत काचवाल्या काकांकडे. काकांचं वय पंचाहत्तरच्या पुढे. दुकानात फोटोफ्रेमा आणि खिडक्यांची तावदानं. त्यांच्याकडे रॉकेलच्या डबीत उभा केलेला कटर असतो. स्टीलच्या चाकाचाच आहे, पण ते त्याला अजून हिरकणीच म्हणतात. लाकडी पट्टी ठेवायची, सर्रकन ओढायचं, टेबलाच्या कडेवर टक करून मोडायचं. माझ्याशी बोलताना ते काचेकडे बघतसुद्धा नाहीत.

“ताई, अख्खा ताव घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे आणि परत जोडत बसायचं. याला धंदा म्हणतात?”

मी म्हटलं, नाही म्हणत.

एका वाड्याच्या दारावरचं तावदान दुरुस्तीला आलंय. अर्धचंद्राकृती, हिरव्या-निळ्या-लाल पाकळ्यांचं. वाडा पाडताना घरच्यांनी तेवढं काढून ठेवलं. एक लाल पाकळी फुटलेली. तसा लाल आता मिळत नाही. काकांनी माळ्यावर मुलाला चढवलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन ताव खाली आले. “बेल्जियम आहे,” काका म्हणाले. पुण्यात जुनी काच म्हटली की ती बेल्जियमचीच असते, त्याला इलाज नाही. मी कड उजेडात धरून पाहिली. जाडी सगळी पांढरी आणि वर कांद्याच्या सालीएवढा पातळ लाल पापुद्रा. आरपार लाल केली असती तर ही काच काळी दिसली असती, इतका तो रंग गडद. म्हणून पारदर्शक काचेवर लालाचा नुसता थर चढवायचा. युरोपातल्या जुन्या चर्चांमध्येही हीच युक्ती आहे.

काकांनी दोन्ही ताव विकायला नकार दिला. एक पाकळी निघेल एवढा तुकडा कापून दिला आणि त्याचे पैसे सांगितले ते ऐकून मी खाली बसले.

30 जून, रविवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात. रस्ते बंद, क्लास बंद. दिवसभर एकटी.

लाल पाकळी कापली. पाकळीच्या एका बाजूला आतली गोलाई आहे, आणि काचेला आतली गोलाई मुळीच मान्य नसते. भेग सरळ पळू बघते. तिला फसवावं लागतं: मूळ रेघेच्या आत चंद्रकोरीसारख्या दोन-तीन रेघा मारायच्या आणि पकडीने एकेक कोर कुरतडत काढायची. घाई केली की टोक उडतं. एवढुशा तुकड्याला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत मला पाऊस पडून गेल्याचंही कळलं नाही. गच्चीवरचे कपडे भिजले.

ऑफिसात बत्तीस वर्षं सह्या केल्या. रोज पन्नास-साठ तरी असतील. त्यातल्या एकाही सहीच्या वर काय लिहिलेलं होतं ते आज आठवत नाही. तक्रार नाही. त्या सह्यांवर घर झालं, मुलीचं शिक्षण झालं, हे गॅरेजही झालं. पण ही पाकळी कुठल्या बाजूने जरा जाड आहे ते मला मरेपर्यंत आठवणार आहे.

7 जुलै, रविवार

आज जोडकाम. जोडायच्या दोन पद्धती. एकीत इंग्रजी एच अक्षरासारख्या शिशाच्या पट्टीच्या खाचांत काचा बसवतात. चर्चच्या मोठ्या खिडक्या, वाड्यांची तावदानं त्या रीतीची. दुसरीत प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची चिकटपट्टी गुंडाळतात आणि शिवणीवर डाक ओततात. ही न्यूयॉर्कच्या टिफनीच्या दिव्यांमुळे जगभर गेली. त्यांचा विस्टेरिया दिवा जवळजवळ दोन हजार तुकड्यांचा आहे. तो क्लारा ड्रिस्कॉल या बाईंनी काढलेला. त्या तिथल्या महिला विभागाच्या प्रमुख होत्या. नाव मात्र शंभर वर्षं टिफनीचंच चाललं. बाईंनी घरी लिहिलेली पत्रं सापडली, तेव्हा कुठे खरं काय ते बाहेर आलं. लग्न झालेल्या बाईला तिथे नोकरीवर ठेवत नसत, हेही मी सांगितलं. आजी म्हणाल्या, “आमच्या वेळी निदान बँकेत ते तरी नव्हतं.”

मग इस्त्री तापवली. सोल्डरिंग आयर्नला मी इस्त्रीच म्हणते. फ्लक्स लावलेल्या शिवणीवर ती टेकली, फुस्स झालं, धूर निघाला, आणि आजी एकदम म्हणाल्या, “कल्हईवाला!”

अगदी तेच. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवायचं. नवसागर तांब्यावरचा गंज खातो, म्हणून कथील धरतं. आमचा फ्लक्सही तेच काम करतो. मग आयटीतल्या मुलाला गणित हवं होतं. कथील 232 अंशांना वितळतं, शिसं 327ला, पण साठ-चाळीस मिसळलं की दोघं मिळून 190च्या आसपासच पातळ होतात. “दोन्हींपेक्षा कमी?” दोन्हींपेक्षा कमी. त्याने ते मोबाइलवर तपासलं. माझ्यावर कुणाचा विश्वास नाही.

शिसं असल्यामुळे खिडक्या उघड्या, पंखा सुरू, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चहा नाही. या बाबतीत मी खडूस आहे. लहान मुलांना इस्त्रीच्या टेबलापाशी येऊ देत नाही. ‘समर कॅम्प घ्या ना’ म्हणणाऱ्या आयांना दर उन्हाळ्यात नाही म्हणते.

13 जुलै, शनिवार

डेक्कन क्वीनने मुंबई. पाच जण आले. सीएसएमटीला उतरलो की बाकीची मुंबई टॅक्सीकडे पळते. आम्ही बुकिंग हॉलमध्ये माना वर करून उभे. एका हमालाने विचारलं, काय हरवलंय का?

वास्तुकार स्टीव्हन्स यांनी आखलेली ही इमारत पुरी व्हायला 1878पासून 1888पर्यंत दहा वर्षं लागली. सजावटीत जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. मला हे दरवेळी बरं वाटतं. शिकता शिकता केलेलं काम आहे आणि ते अजून लोकलच्या गर्दीवर उभं आहे.

तिथून कुलाब्याचं अफगाण चर्च. 1858चं. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं. काचा इंग्लंडच्या विल्यम वेल्स यांच्या. बाहेर आभाळ गच्च भरलेलं, मला वाटलं फेरी फुकट गेली. आत गेलो तर निळा रंग नुसता पेटलेला. ढगाळ उजेडात निळा वर येतो आणि कडक उन्हात तोच मागे सरतो, हे मी पोरांना दहादा तोंडी सांगितलं होतं. आज काही सांगावं लागलं नाही. आर्किटेक्चरच्या मुलीने विचारलं, जुन्या काचा खालून जाड होतात ना, हळूहळू वाहत जाऊन? नाही होत. घन काच वाहत नाही. तेव्हाचे ताव मुळातच एकसारखे निघत नसत. थकतं ते शिसं. शंभरेक वर्षांत ते वाकतं, तडकतं, मग सगळी खिडकी उतरवून नवं शिसं भरावं लागतं.

राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचं ग्रंथालय बाहेरूनच पाहिलं. तिथल्या काचांचं जतन स्वाती चांदगडकर यांनी केलंय. दुरुस्त केलेला तुकडा खालून बघणाऱ्याला ओळखू येऊ नये, अशा कामाचं मला फार वाटतं. आपलं काम दिसलं नाही की जमलं.

21 जुलै, रविवार

चूक झाली, लिहून ठेवते. देवघराच्या दाराची ऑर्डर. सगळं जोडून झालं होतं. एका सांध्यावर डाक नीट बसेना म्हणून इस्त्री जरा जास्त वेळ टेकवून ठेवली. टिक असा आवाज आला. पिवळ्या काचेत केसाएवढी भेग. क्लाससमोर. एकाच जागी उष्णता साचू द्यायची नाही हे मीच दोन आठवड्यांपूर्वी फळ्यावर लिहिलं होतं.

कुणी काही बोललं नाही. आजी म्हणाल्या, “आता हे काढायचं कसं, तेही दाखवा.” मग तो तुकडा फोडून, शिवण वितळवून, नवा बसवला. दोन तास. आजवरच्या वर्गांपैकी हाच सगळ्यात चांगला झाला, असं माझं मत आहे. ऑर्डर चार दिवस उशिरा गेली आणि ग्राहकबाई रागावल्या. बरोबरच आहे.

4 ऑगस्ट, रविवार

बॅचचा शेवटून दुसरा रविवार. प्रत्येकाचा फूटभराचा पॅनेल तयार. आज रंग चढवणं: डाकाच्या चकचकीत शिवणी मोरचुदाच्या पाण्याने पुसल्या की तांबूस होतात. नाशिककडची मुलगी बाटली बघून हसायला लागली. “हे तर आमच्या बागेत ड्रमने असतं!” द्राक्षांवर मारायचं बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. पुढच्या वेळी घरूनच आणते म्हणाली. काम झाल्यावर तिचे हातमोजे मी स्वतः काढून घेतले.

तिच्या पॅनेलमध्ये द्राक्षाचं पान आहे. पानाचा आतला कोपरा तिसऱ्यांदा फुटलाय. मी मुद्दाम हात लावला नाही. शिकवण्यातलं अवघड काम हेच आहे, हात मागे बांधून बसणं. मला ते शिकायला तीन बॅचेस लागल्या. पहिल्या बॅचचे निम्मे पॅनेल माझेच होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

11 ऑगस्ट, रविवार

काका आले! हिरव्या काचेचे ताव पोचवायला दरवेळी मुलगा येतो, आज स्वतः रिक्षातून उतरले. चपला घालून थेट आत. पाटी वाचली, हसले. “पन्नास वर्षं काचेत चपलेवर काढली,” म्हणाले आणि टाचेवरची एक पांढरी रेघ दाखवली.

नाशिकची मुलगी पाठमोरी बसून चौथ्यांदा पान कापत होती. काका माझ्याशी पैशांचं बोलत होते. मध्येच थांबले आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, “पोरी, मोडू नकोस. कट मधे सुटलाय.” तिने उजेडात धरलं. रेघेत दोन मिलिमीटरची फट होती. मला ऐकू आली नव्हती.

सगळ्यांनी काम थांबवलं. काकांनी तिचा कटर घेतला, तेल पाहिलं, नाक मुरडलं. सरळ रेघ मारली. तो आवाज रेशमी साडी फाडावी तसा, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा. आयटीतल्या मुलाने मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतला. मग मुलगी म्हणाली, काका, आता ही आतली गोलाई. काकांनी मारली, टेबलाच्या कडेवर टक केलं, आणि पानाचे तीन तुकडे झाले.

काका बराच वेळ त्या तुकड्यांकडे बघत राहिले. मग तिने त्यांना चंद्रकोरी कशा काढायच्या ते दाखवलं. पक्कड कशी धरायची, किती थोडं कुरतडायचं. मी लांब उभी होते. तिच्या तोंडी माझीच वाक्यं होती, फक्त ती माझ्यापेक्षा सावकाश सांगत होती. दुसऱ्या प्रयत्नाला काकांची कोर निघाली.

जाताना त्यांनी फी विचारली. मी सांगितली. ते खाली बसले आणि निम्मी म्हणाले. घासाघीस झाली. शेवटी माळ्यावरच्या उरलेल्या लाल काचेवर सौदा ठरला.

पुढची बॅच 18 ऑगस्टपासून. सहा जागांपैकी एक गेली. बुटांचं अजून ठरलेलं नाही.