वायर निघाली, पत्ता बदलला

‘सगळ्यांना कळेल असं लिहा,’ ही संपादकांची अट. प्रयत्न करतो. पूर्णेत नेटवर्कची कामं करताना दिवसभर एकच तक्रार कानावर येते, ‘नेट गेलं’. निम्म्या वेळा नेट कुठंही गेलेलं नसतं.

जुलैत, पीक विम्याच्या गर्दीत, एका सेवा केंद्रातून हाच निरोप आला. लॅपटॉपला ब्रॉडबँडची वायर होती आणि जोडीला मोबाईलचा हॉटस्पॉट. अर्ज अर्ध्यावर आला की पोर्टल बाहेर काढायचं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. रांगेतले शेतकरी वैतागलेले. मी वायर हलवून पाहिली. जॅकची प्लॅस्टिकची जीभ तुटली होती. टेबलाला गुडघा लागला की जॅक केसभर मागं सरायचा, लॅपटॉप गुपचूप हॉटस्पॉटवर जायचा आणि क्षणात परत वायरवर यायचा. कोपऱ्यातलं चिन्ह तेवढं बदलायचं. तिकडं बघतो कोण?

वाट बदलणं लॅपटॉपला अवघड नाही. प्रत्येक वाटेला ‘मेट्रिक’ नावाचा आकडा असतो. लहान आकड्याला पहिला मान. लिनक्सच्या नेटवर्कमॅनेजरमध्ये वायरला 100, वाय-फायला 600. पण लॅपटॉप आणि पोर्टल ज्या टीसीपी पद्धतीनं बोलतात, तिची जोडणी दोन्ही टोकांचे आयपी पत्ते आणि पोर्ट या चौघांवर बांधलेली असते. त्यातला एक बदलला की जोडणी मेली. अकोल्याची लाईन मीटरगेज आणि नांदेडची ब्रॉडगेज होती, तेव्हा पूर्णेत सामानासकट उतरून गाडी बदलावी लागे, तसंच हे. यूट्यूबवर कळत नाही, कारण पुढचा व्हिडिओ थोडा आधीच उतरलेला असतो. पोर्टलचं तसं नाही. लॉगिन एका पत्त्यावरून आणि पुढची विनंती दुसऱ्याच पत्त्यावरून आली, तर चोरीचा संशय घेऊन हाकलणारी पोर्टलं असतात.

वायर आणि वाय-फाय एकाच राउटरचे असतील, तर बाहेर पत्ता एकच दिसतो. आत मात्र दोन कार्डं, प्रत्येकाचा वेगळा मॅक क्रमांक, म्हणून दोन पत्ते, आणि जोडणी तुटतेच. इथं आमच्या धंद्यात वाद आहे. आतले पत्ते वाटणाऱ्या डीएनएसमास्क या प्रणालीत दोन्ही मॅक क्रमांकांना एकच पत्ता नेमून देता येतो. तिच्याच माहितीपुस्तिकेत हे धोक्याचं म्हटलंय: एका वेळी एकच कार्ड चालू हवं. आणि त्याच परिच्छेदात उदाहरण दिलंय ते वायर आणि वाय-फाय असलेल्या लॅपटॉपचं! माझे व्यवसायबंधू याला जुगाड म्हणतात. लिनक्सवर ‘बाँडिंग’ करून दोन्ही कार्डं एका पत्त्याखाली आणणं जास्त रीतसर, हे मलाही मान्य आहे. पण केंद्रांवर विंडोज असतं आणि ऑपरेटरला वेळ नसतो. त्यांच्यापुढं रीत किती सांगायची?

नव्या पद्धती आहेत. ॲपलनं 2013 मध्ये सिरीसाठी मल्टिपाथ टीसीपी, म्हणजे एकाच जोडणीला अनेक वाटा देणारा टीसीपी, वापरला. 2021 मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’मध्ये जोडणीला स्वतंत्र ओळख असते, पत्ता बदलला तरी ती टिकू शकते, मात्र दोन्ही टोकांची तयारी हवी. जुन्या पोर्टलांकडून ती अपेक्षा मी सोडली आहे.

केंद्रात मी वायरीचं टोक कापलं, आठही तारा रंगांच्या क्रमानं लावल्या, नवा जॅक क्रिम्प केला आणि हॉटस्पॉट बंद ठेवायला सांगितलं. ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, लाईट गेली की राउटर जातो, मग काय करू?’ राउटर इन्व्हर्टरवर घ्या म्हटलं. तर म्हणे, इन्व्हर्टरवर झेरॉक्सवाल्या भावाचा पंखा आहे.