महत्त्वाकांक्षेची मुदत

लंडनच्या स्टार्टअप जगात महत्त्वाकांक्षा बहुधा निधी आणि हुद्द्यावरून मोजतात. मला हे माप अपुरे वाटते. डीपमाइंडचेच पाहा. 2010 मध्ये लंडनला सुरू झालेली ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी 2014 मध्ये गूगलने विकत घेतली. रूढ हिशेबाने संस्थापकांचे यश तिथेच पूर्ण झाले होते. पण सहसंस्थापक डेमिस हसाबिस त्याच शहरात, त्याच प्रश्नांशी झुंजत राहिले. प्रथिनांची रचना वर्तवणारे आल्फाफोल्ड त्यानंतर आले आणि 2024 मध्ये त्यांना व सहकारी जॉन जंपर यांना रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. माणूस वाढतो तो एका अवघड प्रश्नाला चिकटून राहिल्याने, असे मी म्हणतो ते यामुळे.

यावर रास्त आक्षेप आहे: ही चिकाटी ज्यांच्या पायाखालची जमीन पक्की, त्यांनाच परवडते. पुण्याहून स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या अभियंत्याची नोकरी गेली, तर नवा प्रायोजक शोधायला साधारण 60 दिवस मिळतात. स्वतःची कंपनी काढायची तर इनोव्हेटर फाउंडर व्हिसा हा एक मार्ग आहे. 2023 मध्ये आधीच्या इनोव्हेटर व्हिसातली 50,000 पौंडांच्या भांडवलाची अट गेली, तरी मान्यताप्राप्त संस्थेची शिफारस लागतेच. आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच कायम वास्तव्य मिळेपर्यंत नोकरीत राहून आपला प्रश्न जपणाऱ्याला कुणी भित्रा म्हटले, की मला मनापासून राग येतो. त्या वर्षांत तो ग्राहक समजून घेतो, चुकीचे उत्पादन वेळीच थांबवायला शिकतो. त्याच्या कंपनीची पायाभरणी तिथेच चाललेली असते.