आधी ब्रेक

अब्बांच्या इंतकालानंतर त्यांची मारुती 800 माझ्याकडे आली. 1997 चं मॉडेल. भाऊ म्हणाला, भंगारात दे. माझ्या मनात मात्र ती ऑटोक्रॉसला उतरवायचं होतं. मातीच्या मैदानावर खुणांमधून एकेक गाडी सोडतात, शर्यत घड्याळाशी. उर्दू शाळेतला मास्तर आणि हे उद्योग! बायको आठवडाभर बोलली नाही.

गॅरेज पनवेलमधलंच, माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं. नववीत विज्ञानात मीच त्याला नापास केलं होतं. नंतर तो शाळेत आलाच नाही. हा विषय आम्ही दोघंही काढत नाही.

मला ताकद हवी होती. 796 सीसी, तीन सिलिंडर, चारच गिअर. हेड उतरवलं, वॉल्व्ह घासून बसवले, कार्बोरेटरचा जेट बदलला. वजन कमी करायला मागची सीट काढली. त्या सीटवर अम्मी बसायची. ती काढताना मी चहाला निघून गेलो. तो म्हणत राहिला, "सर, पहले ब्रेक." पण पगारात एकच काम बसत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून येताना खंडाळ्याचा उतार लागला. अम्मी शेजारी. शिंग्रोबाच्या अलीकडे पेडल मऊ झालं, मग खालीच गेलं. खालचा गिअर टाकून, हँडब्रेक जरा जरा ओढत गाडी कडेला लावली. अम्मी कलमा पढत होती. अर्ध्या तासाने पेडल आपोआप घट्ट झालं. तेच जास्त फसवं.

गॅरेजात त्याने तेल बाटलीत काढलं. काळपट, चहासारखं. "सर, ये पानी पीता है."

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट 3 निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हद्द 140 च्या आसपास येते. उतारावर ब्रेक तापले, तेल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले. तेल दाबलं जात नाही, बुडबुडा दाबला जातो. पायाचा सगळा जोर तिथेच जिरतो. पास्कलचा नियम मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो. आकृतीत बुडबुडा कधी काढला नव्हता.

आता रबरी पाइप, सील, मागचे व्हील सिलिंडर नवे आहेत. तेल डॉट 4, दरवर्षी बदलायचं.

त्याला वर्गात बोलावलं. "सर, मैं क्या बोलूंगा," म्हणाला. आला नाही, पण ती काळी बाटली पोराच्या हाती पाठवली. बुडबुडा मीच काढला.

शर्यत अजून व्हायची आहे. रोल केजचे पैसे जमायचेत.