चिखला, रोवणीचे दिवस

१६ जुलै
गावाची ओळख मॉयल कंपनीच्या मॅंगनीज खाणीमुळे, पण सध्या सगळ्यांचा जीव भाताच्या बांध्यांत. आशाताईंबरोबर घरं फिरतेय. एका घरी चार महिन्यांचं लेकरू आजीच्या मांडीवर, शेजारी पेजेची वाटी. आई रोवणीला. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे आजीला पाठ आहे. "मंग संध्याकाळवरी का देऊ जी?" तिनं विचारलं. आशाताईंकडच्या तक्त्यात याचं उत्तर नाही.

१७ जुलै
मातृत्व लाभ कायद्यानं २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. म्हणजे बरोबर हेच सहा महिने! खाणींना ही तरतूद लागू आहे. रोजीनं रोवणाऱ्या बाईला रजा देणार कोण? आजीला बोल लावणं मला तरी जमणार नाही. दूध काढून उकळलेल्या भांड्यात झाकून ठेवायचं, वाटी-चमच्यानं पाजायचं, असं आशाताईंनी सुचवलं. सून लाजली. आजीनं मात्र भांडं कुठलं, किती वेळ टिकतं, सगळं खोदून विचारलं.

१९ जुलै
नऊ महिन्यांची मुलगी. उष्टावण कधीच झालं, तरी वाटीत पेजच. पेजेनं पोट तुडुंब होतं, अंगी काही लागत नाही. चमचा तिरपा केला तरी ओघळू नये इतकं दाट हवं, तेही दिवसातून तीन-चारदा. आठ अन्नगटांपैकी पाच तरी पोटात जावेत. आईचं दूध हा त्यातलाच एक. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२३ चं मार्गदर्शन अंडं, मासे किंवा मटण रोज द्या म्हणतं. अंगणात कोंबड्या होत्या. "दात नाईत, अंडं कशी खाईन?" तिची आजी म्हणाली.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती. पुढच्या वयात, तेविसाव्या महिन्यापर्यंत, पुरेसा आहार मिळणारी ११.३ टक्के. स्तनपानाचा आपण आठवडा पाळतो. वाटीतल्या घासाबद्दल कोण बोलतं?

२० जुलै
कालच्या मुलीच्या घरी, आजीच्याच चुलीवर भात मऊ शिजवला, वरण दाट ठेवलं, उकडलेलं अर्धं अंडं कुस्करलं, चमचाभर तेल. मुलीनं दोन घास थुंकले, तिसरा गिळला, चौथ्याला स्वतःच हात घातला. आजी खूश, पण हिशेबाला पक्की: "रोज नाई जमत जी. बाजाराच्या आदल्या दिवशी त नाईच, अंडी इकाले लागतात." बाकीचे दिवस ठरले.